दमलेल्या माणसाचा होकार

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या हुबळीत एक स्वागतसमारंभ झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. लग्न आधीच लागून गेले होते. इकडच्या आप्तेष्टांसाठी हा सोहळा ठेवलेला. पाहुणे जमले, स्वयंपाक तयार झाला, आणि नवरा-नवरी मात्र भुवनेश्वरलाच अडकून पडली, कारण विमान रद्द झाले होते. शेवटी वधूचे आईवडील व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर बसले, नवदांपत्य तिकडे सजून पडद्यासमोर उभे राहिले, आणि पाहुण्यांनी पडद्याकडे पाहून अक्षता टाकल्यासारखे आशीर्वाद दिले. कोणी हसले, कोणी हळहळले.

त्या आठवड्यात कोप्पीकर रोडवर दोन ओळखीची माणसे भेटली की विषय हाच. कुणाची पुण्याची मुलाखत हुकलेली, कुणाची मुंबईच्या इस्पितळातली ठरलेली वेळ गेलेली. मराठीत आणि कन्नडात, दोन्ही भाषांत मनसोक्त शिव्याशाप चालले होते. कंपनीला, सरकारला, आणि जाता जाता वैमानिकांनाही. ‘आता म्हणे त्यांना जास्त झोप पाहिजे!’ या वाक्यातला कुत्सित सूर ऐकण्यासारखा होता. जणू झोप ही चैनीची वस्तू असून वैमानिकांनी ती आपल्या खिशातून उचलली होती.

घडले होते ते थोडक्यात असे. विमान कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळेचे सुधारित नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत मोजायची ठरली. रात्रीच्या कामात एका वैमानिकाने किती वेळा विमान उतरवावे याची मर्यादा ६ वरून २ वर आणली. कंपन्यांच्या हरकती, वैमानिक संघटनांची दिल्ली उच्च न्यायालयातली दाद, असे होत होत हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अमलात आले. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, त्यासाठी पुरेशी माणसे हाताशी ठेवली नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लोकांचा आक्रोश इतका वाढला की त्याच कंपनीला काही कलमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली. म्हणजे प्रवाशांचे हाल थांबवण्यासाठी वैमानिकांची विश्रांती काही काळ मागे घेतली गेली. आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला!

या निःश्वासापाशीच थोडे थांबावे असे वाटते. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो एकट्या विमानाचा नाही. दमलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो तेव्हा त्या म्हणण्याची किंमत काय? आणि त्याच्या त्या होकारावर विसंबून आपण पुढे गेलो, तर होणाऱ्या परिणामाची जबाबदारी कोणाची?

प्रश्न नीट कळण्यासाठी विमानातली एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे. विमानात हजारो भाग असतात आणि त्यांतला एखादा दुसरा सतत काही ना काही कुरबुर करीत असतो. प्रत्येक कुरबुरीला विमान जमिनीवर ठेवायचे म्हटले तर वाहतूकच थांबेल. म्हणून एक यादी असते. कोणते उपकरण बंद असताना विमान उडवता येईल, कोणत्या अटींवर, आणि दुरुस्ती किती दिवसांत झाली पाहिजे, हे त्या यादीत लिहिलेले असते. काही वस्तूंना ३ दिवस, काहींना १०, अगदी किरकोळ असल्या तर १२० दिवस. काचेवरचा पाणी पुसणारा वायपर बंद असेल तर सर्वसाधारणपणे अट अशी, की जिथे उडायचे वा उतरायचे तिथे पाऊस नसावा. ही यादी गबाळेपणाची परवानगी नव्हे. उलट, ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांच्यामधली रेघ घाईत, रात्री, दडपणाखाली न ओढता शांत डोक्याने आधीच ओढून ठेवण्याची ती शहाणी रीत आहे. शिवाय यादीने परवानगी दिली तरी अखेरचा शब्द कॅप्टनचा. ‘आजच्या हवेत, या मार्गावर, या बिघाडासह मी जाणार नाही,’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला असतो.

यंत्राच्या बाबतीत इतकी दक्षता, मग माणसाच्या बाबतीत काय? त्याने दारू घेतलेली नाही हे पाहायला श्वासाची तपासणी आहे आणि आपल्या देशात ती कडक आहे. पण तो झोपला आहे की नाही, हे पाहणारे यंत्र दारात नसते. कामाचे तास कागदावर मोजलेले असतात, झोपेचे तास कोणी मोजत नाही. विश्रांतीच्या वेळात घरी लेकरू आजारी होते की शेजारी मांडव पडला होता, हे कागदाला माहीत नसते. अखेर तो स्वतःच सांगतो, मी ठीक आहे.

आणि इथेच खरी ग्यानबाची मेख आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे त्यांना आढळले. आपल्या देशात मोटार चालवणाऱ्याला कायद्याने ०.०३ टक्क्यांच्या वर मद्य चालत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दोन आठवडे रोज सहा तासच झोप मिळालेली माणसे चाचण्यांत सलग रात्री जागलेल्या माणसांइतकी घसरली. पण ‘तुम्हांला झोप आली आहे का?’ असे विचारले तर ती म्हणत, ‘थोडीशी.’ म्हणजे दमणूक ज्या मेंदूला मंद करते, त्याच मेंदूला आपण तिचे मोजमाप करायला सांगतो. तराजूच बिघडला असेल तर त्या तराजूने त्याचेच वजन कसे करणार?

या विचाराला पुस्तकी म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण आपल्याच किनाऱ्यावर त्याची किंमत मोजली गेली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ जणांपैकी ८ वाचले, १५८ गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालातला तपशील वाचताना मन सुन्न होते. विमानकक्षातील ध्वनिमुद्रण २ तास ५ मिनिटांचे होते. त्यातील पहिल्या सुमारे १ तास ४० मिनिटांत कॅप्टनचे बोलणेच नाही, आहे तो श्वासाचा आणि घोरण्याचा आवाज. शरीराला झोप सर्वांत जास्त ओढते तो पहाटेचा प्रहर. त्यातून जागा झालेला माणूस लगेच पूर्ण जागा होत नाही, काही काळ बुद्धीवर झापड असते. त्यातच मंगळूरचे रडार २० मेपासून बंद होते, म्हणून विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, विमानतळ जवळ आल्यावर मिळाली. विमान हवे त्यापेक्षा बरेच उंच राहिले. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने ‘पुन्हा वर घ्या’ असे तीनदा सुचवले. यंत्रेही ओरडत होती. ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमान ५,२०० फुटांनंतर टेकले.

इथे दोन बिघाड एकत्र आले, हे नीट पाहावे. एक यंत्राचा आणि एक माणसाचा. रडार बंद असणे एवढ्याने विमान पडत नाही. रडार नसलेल्या विमानतळांवर रोज विमाने उतरतात. वैमानिकाची डुलकी एवढ्यानेही दर वेळी अपघात होत नाही. पण ताज्या माणसाला जो बिघाड किरकोळ वाटतो, तोच दमलेल्या माणसाच्या पुढ्यात डोंगर होऊन उभा राहतो. यादीत प्रत्येक बिघाड वेगवेगळ्या ओळीत असतो. माणसाच्या डोक्यात मात्र सगळ्या ओळींची बेरीज होते, आणि त्या बेरजेत त्याची स्वतःची थकलेली अवस्थाही मिळवावी लागते. तेवढी एक ओळ यादीत नसते.

दुसरी घटना मराठी माणसाच्या अधिक जिव्हाळ्याची. ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना घेऊन दुबईहून आलेले विमान कोळिकोडला, म्हणजे आपल्या जुन्या तोंडातल्या कालिकतला, भर पावसात धावपट्टीपुढे घसरून दुभंगले. विमानात १९० जण होते, २१ गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन होते दीपक साठे, घराणे नागपूरचे, हवाई दलातून आलेले, नावाजलेले, हजारो तासांच्या अनुभवाचे. २०२१ च्या अहवालात कारणमीमांसा आहे ती अशी. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आतच बंद पडला. तो प्रयत्न सोडून त्यांनी उलट दिशेने, पाठीवर वारा घेऊन पुन्हा उतरण्याचे ठरवले. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांनंतर टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याविषयी सांगितले होते. अहवालाने मुख्य कारण म्हणून कॅप्टनचे कार्यपद्धतीबाहेर जाणेच नोंदले आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही.

पण तोच अहवाल पुढे आणखी एक दार उघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणारे एक उड्डाण याच कॅप्टनच्या नावावर होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर त्यांचे कामाचे तास वाढले असते, विश्रांतीचा नियम आड आला असता, आणि सकाळचे उड्डाण त्यांना करता आले नसते. दुसरे कोणी होते का? त्या तळावर २६ प्रथम अधिकाऱ्यांच्या जोडीला नेमलेला कॅप्टन एकच होता. कंपनीच्या या मनुष्यबळाच्या धोरणावर अहवालाने स्पष्ट ठपका ठेवला.

किती विचित्र गोष्ट आहे पाहा! विश्रांतीचा नियम वैमानिकाच्या रक्षणासाठी केला. पण जिथे माणसेच काटेकोर मोजून ठेवली आहेत, एकही जादा नाही, तिथे तोच नियम पाठीवरचा आसूड झाला. ‘आज इथेच उतरलो नाही तर उद्याची विश्रांती पुरी होणार नाही, उद्याचे विमान राहील, शेकडो माणसे खोळंबतील.’ प्रत्यक्ष त्या क्षणी त्यांच्या मनात काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु कर्तव्यदक्ष माणसाच्या मनात असा विचार येणे किती स्वाभाविक आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला कळते. बेजबाबदार माणसाला असल्या विचाराचा त्रासच होत नाही. हा सापळा चांगल्या माणसांसाठीच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष कोणाचा?

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मद्यप्याचा विचार केला आहे. प्राचीन ग्रीसमध्ये पिट्टाकसचा असा कायदा होता की नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा. ॲरिस्टॉटल त्याचे तर्कशास्त्र सांगतो. नशेत माणसाला कळत नव्हते हे खरे, पण ते न कळणे त्याने स्वतःच ओढवून घेतले, प्यालाच नसता तर कळले असते. कारणाचा मालक तो, म्हणून परिणामाचाही मालक तोच.

हे तर्कशास्त्र थकव्याला लावून पाहिले की मजेशीर गोष्ट दिसते. दमलेल्या माणसालाही त्या क्षणी नीट कळत नसते. पण ते न कळणे कोणी ओढवून घेतले? तो सुट्टीच्या रात्री पत्ते कुटत बसला असेल तर त्याने, आणि त्याला दुप्पट दोष द्यावा. पण कामाचा तक्ताच असा आखला असेल की आज पहाटे चारला उठायचे, उद्या रात्री दोनला झोपायचे, परवा पुन्हा पहाटे, तर ती नशा ज्याने पाजली त्याच्याकडे बोट जाते. ॲरिस्टॉटलचाच नियम आपल्याला विमानकक्षातून उचलून तक्ता आखणाऱ्याच्या टेबलाशी नेऊन ठेवतो. कारणाचा मालक तो परिणामाचा मालक.

आपला १८७२ चा करार कायदाही इथे आठवतो. शुद्धीत नसलेल्या माणसाची करारावरची सही कायदा मानत नाही. धुंदीत कोणी घर विकले तर ती विक्री टिकत नाही. एका घराच्या बाबतीत आपण इतके सावध, मग पावणेदोनशे जीवांच्या बाबतीत अर्धवट जाग्या माणसाचे ‘मी ठीक आहे’ आपण पक्के कसे धरतो? उत्तर सरळ आहे. तो होकार आपल्याला सोयीचा असतो. त्याच्या होकारावर कंपनीचे वेळापत्रक उभे असते, आणि खरे सांगायचे तर आपले स्वागतसमारंभही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. असे म्हणतात की हिंदुस्थानसारख्या देशात असला विचार परवडणारा नाही. इस्पितळातली परिचारिका, रात्रीच्या बसचा चालक, रेल्वेचा लोको पायलट, साखर कारखान्याच्या हंगामातला कामगार, शेतात रात्री वीज येते म्हणून पाणी पाजायला उठणारा शेतकरी, यांतला कोण दमलेला नाही? सगळे ‘दमलो’ म्हणून बसले तर गाडा चालणार कसा? शिवाय थकव्याचे निमित्त करून अंग चोरणारेही असतातच. तास आखून घेणाऱ्याला हे सर्व ठाऊक असते. शाळेचे वेळापत्रक आखताना मलाही ते ठाऊक होते. दोन शिक्षक रजेवर असले की तिसऱ्याचे मोकळे तास भरून टाकावेसे वाटतात आणि तो बिचारा नाही म्हणत नाही.

आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. विश्रांती फुकट मिळत नाही. वैमानिकाला ४८ तास द्यायचे तर जादा वैमानिक नेमावे लागतात आणि ते पैसे शेवटी तिकिटातून येतात. पण मग तो हिशेब उघड मांडावा. स्वस्त तिकीट आपल्याला हवे असते, वेळेवर विमान हवे असते, आणि सुरक्षितताही हवी असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी रोज दिसतात, तिसरी दिसत नाही. न झालेला अपघात कोणाला दिसतो? म्हणून काटछाट नेहमी तिसरीत होते. गरीब देशाला सुरक्षितता परवडत नाही असे म्हणणे म्हणजे गरीब देशात माणूस स्वस्त आहे, एवढेच सभ्य भाषेत म्हणणे.

अंगचोरांविषयी एवढेच, की ज्याला ‘दमलो’ म्हटल्यावर शिक्षा होते तो खोटे बोलायला शिकतो, आणि ज्याला ते निर्भयपणे म्हणता येते त्याच्यातला अंगचोर चार वेळांत उघडा पडतो. प्रामाणिक माणसाचे तोंड बांधून लबाड पकडला जात नाही.

या आक्षेपाचे मूळ मात्र पैशाहून खोल, आपल्या बोलण्यातच आहे. मराठीत जागरणाचा केवढा गौरव! ‘रात्रीचा दिवस केला’ म्हणजे शाबासकी. ‘डोळ्यांत तेल घालून’ पहारा केला, ‘डोळ्याला डोळा लागला नाही’, ‘पायाला भिंगरी’. हे सारे स्तुतीचे शब्द. झोपेच्या वाट्याला आला तो कुंभकर्ण आणि ‘झोपा काढतोस काय?’ हा दरडावणीचा प्रश्न. आणि बिघाडाविषयी? ‘चालतंय की, काय होतंय!’ आमच्या या दोन भाषांच्या मुलखात तर या रोगाला दोन्ही अंगांनी खतपाणी मिळते. मराठी माणूस ‘चालतंय’ म्हणतो, कन्नड शेजारी ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’ म्हणतो, आणि दोघे मिळून ‘परवागिल्ल’ म्हणून पुढे जातात. शेजारधर्मात हे शब्द सोन्यासारखे आहेत. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा त्यांनीच मिळते, सीमाभागातली माणसे एकमेकांना धरून राहिली ती यांच्याच जोरावर. पण जो शब्द बाकावर शोभतो तो विमानकक्षात शोभत नाही. सोसणे हा सद्‍गुण आपल्या वाट्याच्या त्रासापुरता. दुसऱ्याच्या जिवावरचा धोका ‘सोसण्याचा’ अधिकार कोणाला नाही.

हुबळी हे रेल्वेचे गाव. दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय इथे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या रात्रपाळीवर जगलेली घरे इथल्या वस्त्यांत आहेत. दिवसा झोपलेल्या वडिलांसाठी लेकरांना ‘हळू बोला’ म्हणून दटावणाऱ्या आया या गावाने पाहिल्या आहेत. त्या दटावणीची किंमत आम्हांला २२ मे २०१२ ला कळली. मंगळूरच्या अपघाताला बरोबर दोन वर्षे झाली होती. हुबळीहून बेंगळूरला निघालेली हंपी एक्स्प्रेस त्या पहाटे तीनच्या सुमारास पेनुकोंडा येथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि सुमारे पंचवीस माणसे गेली. प्रहर पुन्हा तोच, शरीर ज्या वेळी झोप मागते तो. ८ मार्च २०१५ ला बेंगळूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान भर पावसात आपल्याच हुबळीच्या धावपट्टीवरून बाजूला गेले. त्या वेळी सगळे वाचले. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे असते आणि सगळे एका माळेत ओवणे योग्य नाही. पण विषय दूर कुठे आकाशातला नाही, दाराशी आलेला आहे, एवढे त्यावरून कळावे.

मग करायचे काय? इथे मला महाभारताच्या द्रोणपर्वातला एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. जयद्रथवधानंतर युद्ध रात्रीही चालू राहिले. घटोत्कच पडला, मध्यरात्र उलटली, आणि दोन्ही सैन्ये झोपेने आंधळी झाली. हत्ती-घोड्यांवर बसल्या बसल्या योद्धे पेंगू लागले. झोपेच्या भरात आपला कोण, परका कोण, हे कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले की चंद्र उगवेपर्यंत सर्वांनी इथेच, रणभूमीवरच, झोपून घ्यावे. कौरवांनीही ते मानले आणि शत्रूच्या त्या वीराला दुवा दिला. मग दोन्ही सैन्ये जागच्या जागी झोपली.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. पहिली, एकाही सामान्य सैनिकाने ‘मला झोप आली’ असे म्हटले नाही. त्याला ते म्हणता आलेच नसते, भ्याड ठरला असता. ते म्हणावे लागले सर्वश्रेष्ठ योद्ध्याला. गुडाकेश, म्हणजे निद्रेला जिंकणारा, हे ज्याचे नाव, त्यानेच इतरांच्या झोपेची बाजू घेतली. स्वतःला झोप आवरते म्हणून सगळ्यांना आवरलीच पाहिजे, असे त्याने धरले नाही. दुसरी, शत्रूनेही ते मान्य केले. दोघांनी एकदम शस्त्र खाली ठेवले म्हणूनच ते जमले. एकाच बाजूने ठेवले असते तर ती कापली गेली असती. एक कंपनी जादा माणसे नेमते आणि दुसरी तेवढ्यातच भागवते, तर पहिली बाजारातून उठते. म्हणून हा नियम सर्वांना सारखा आणि सूटविरहित असावा लागतो. तिसरी, युद्ध थांबले नाही. चंद्र उगवला आणि ते पुन्हा सुरू झाले. विश्रांती ही कामातली फट नाही, कामाचाच एक भाग आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग सांगितला आहे तो फार झोपणाऱ्याला नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही.

यावरून माझ्या मते एवढे निघते. थकव्याचा निर्णय दमलेल्या माणसाच्या एकट्याच्या होकारावर सोडू नये. तो नियमाने आणि वरिष्ठाने आधीच, शांत डोक्याने घ्यावा, जशी बिघाडांची यादी आधी केलेली असते. माणसाने ‘आज नको’ म्हटले तर त्याला कारणे विचारून लाजवू नये. आणि ‘नाही’ म्हणणे शक्य व्हायचे असेल तर त्याच्या जागी उभा राहायला दुसरा कोणी असला पाहिजे. एकच कॅप्टन ठेवायचा आणि त्याला नकाराचा अधिकार आहे असे कागदावर लिहायचे, ही फसवणूक आहे. तक्त्यात एक माणूस जादा ठेवणे हाच त्या अधिकाराचा खरा आधार.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती घराघरांतली आहे. मंगळूरला आणि कोळिकोडला, दोन्हीकडे शेजारच्या खुर्चीतला धाकटा माणूस बरोबर होता. त्याने सांगितलेही. पण सांगणे आणि हातातून सुकाणू घेणे यांत आपल्या संस्कारांची एक भिंत असते. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, गुरुजी चुकले तरी वर्गात बोलू नये, साहेबाला दुरुस्त करू नये. आम्हीच शिकवतो हे. फळ्यावर उत्तर चुकले तर ‘सर, तिथं चुकलंय’ असे म्हणणारा मुलगा उद्धट नव्हे, उपयोगी आहे. आणि ‘बरं झालं सांगितलंस बाळ’ म्हणून पुसून पुन्हा लिहिणारा शिक्षक त्याने लहान होत नाही. तशी सवय ज्या मुलांना लागेल त्यांच्यापैकीच कोणी उद्या त्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे.

आणि आपण प्रवासी? आपल्या हातात फारसे नाही, पण एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी ‘कर्मचाऱ्यांची विश्रांती पूर्ण न झाल्याने उड्डाणास विलंब’ अशी घोषणा झाली तर शिव्या देण्याआधी क्षणभर विचार करावा. कोणीतरी ‘चालतंय’ न म्हणता ‘नाही’ म्हटले आहे. तो ‘नाही’ आपल्यासाठीच आहे. खुर्ची ओढावी, कॉफी मागवावी, आणि घरी फोन करून सांगावे की यायला उशीर होईल, पण येतो आहे.